मागचा दिवा

वीज महागल्यापासून भिवंडीच्या आपल्या लूम कारखान्यात प्रितेश चहासुद्धा पंखा बंद करून प्यायचा. त्याचे वडील रामनाथ मात्र शिफ्ट सुटली की मुद्दाम एक दिवा चालू ठेवून जायचे. सकाळी तो बंद असायचा.

"कोण बंद करतं, बाबा?"

"तुझी आय. जित्तेपणी माझ्यामागं तेच करायची."

प्रितेशने हसून सगळी बटणंच काढली आणि माणूस खाली आला की आपोआप लागणारे दिवे बसवले.

"आता ती कशाला येल?" रामनाथ हिरमुसले.

संध्याकाळी बापलेक दिव्याखाली बसले होते. बिनबटणाच्या भिंतीत खट्‌ आवाज झाला. दिवा गेला.

मग मागे, आई ज्यावर बसून सुताच्या कांड्या भरायची त्या रिकाम्या स्टुलाच्या डोक्यावरचा दिवा लागला.

"त्यो नको बंद करू," रामनाथ हळूच म्हणाले.