नाव सांगा, भाऊ!

कारगिलची लढाई सुरू होती आणि आग्रा रोडवरून फौजेचे ट्रक चालले होते. आमच्या तमाशाला येणारा एक गॉगलवाला मला म्हणायचा, "ढाब्यावर थांबणारे जवान तुझ्या नाचावर खूष आहेत, ट्रक कधी निघणार ते काढून घे." मला त्याचा संशय आला तो निराळ्याच गोष्टीवरून. आमच्याकडे पाच रुपये देणाराही माइकवर गावासकट नाव पुकारायला लावतो, हा शंभराची नोट सरकवून म्हणायचा, "नाव नको." मी धुळ्याला जाऊन पोलिसांच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "खोट्या वेळा देत राहा आणि माणूस दाखव." "गॉगलवाला" एवढीच खूण मी पोलिसांना देऊन बसले होते, आणि जत्रेतल्या सकाळच्या हजेरीच्या खेळाला बघते तर निम्म्या पब्लिकच्या डोळ्यांवर जत्रेतले नवे गॉगल! हंगामाचा शेवटचा खेळ. आज निसटला तर पुन्हा हाती लागणार नव्हता. तेवढ्यात "नाव नको" म्हणत त्याची शंभराची नोट आली. मी नाच थांबवला, नोट उंच धरली आणि माइकवर ओरडले, "एवढी मोठी नोट! नाव सांगा, भाऊ!" त्यानं नुसती मान हलवली. पब्लिक चेकाळलं. "नाव सांग ना भो! लाजस काय?" शिट्ट्या सुटल्या, शंभर बोटं एका खुर्चीकडे वळली. तो उठला, पळाला आणि नेमका साध्या कपड्यातल्या पोलिसांच्या मिठीत शिरला. नोट अजून माझ्या हातातच. "साहेब," मी माइकवरूनच ओरडले, "नाव विचारून घ्या त्याचं! आमच्या तमाशा मंडळाला आभार मानायचेत!"