टिपता येणारं पिल्लू

कामावर निघालेल्या सूनबाईच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळला, तशा सासूबाई पलंगावरून उठल्या आणि चालत गॅलरीत गेल्या. घरातल्या समजुतीप्रमाणे त्यांना अजून चालता येत नव्हतं.

पडून मोडलेलं मांडीचं हाड केव्हाच जुळलं होतं. ही बातमी फक्त त्यांना आणि देवाला ठाऊक होती, आणि देव चहाड्या करत नाही यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी जन्मभर कॉपी करणारी मुलं पकडली होती. त्यामुळे पकडलं न जाण्याचं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. पलंगावर परतलं की चादर विस्कटायची. चष्मा होता तिथेच ठेवायचा. संध्याकाळी बाथरूमकडे जाताना सुनेच्या खांद्यावर हात टाकायचा आणि मधूनमधून "हळू गं" म्हणायचं.

कारण साधं होतं. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आधीच गेला होता. सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. तिची बदलीही तिकडच्या शाखेत मंजूर होऊन पडली होती. आईंनी पाऊल टाकलं की ती निघणार, असं ठरलं होतं. सासूबाईंना बरोबर चला म्हणून विचारलं नव्हतं असं नाही. पण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "या घरातून मी आडवीच निघेन." वाक्य झकास जमलं होतं. तोटा एवढाच झाला, की पुन्हा कुणी विचारलं नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. भिंतीतल्या पाइपाच्या भोकात चिमण्यांनी संसार थाटला होता, आणि त्यातलं एक पिल्लू नुकतंच घरटं सोडून कठड्यावर आलं होतं. चोचीच्या कडा अजून पिवळ्या, अंग मात्र बापाएवढं. सासूबाईंनी मांडलेल्या ताटलीतले दाणे ते एकेक करून टिपत होतं. सराईतासारखं टिपत होतं. तेवढ्यात चिमणा आला. लगेच पिल्लाने पंख थरथरवले, मान खाली घातली आणि जन्मात दाणा पाहिला नसल्यासारखा आ वासला. पायाशी ताटली भरलेली. चिमण्याने तिच्यातलाच दाणा उचलून त्याला भरवला, मग दुसरा, मग तिसरा. त्याची पिसं जुन्या टॉवेलासारखी विरली होती.

"लबाडा," सासूबाई म्हणाल्या, "येतं की तुला खाता! बापाचं पार चिपाड करून टाकलंस."

पिल्लाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

सासूबाई वळल्या आणि पलंगावर जाऊन पडल्या.

संध्याकाळी सून आली. हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागली आणि रोजच्यासारखी चमचा घेऊन पलंगाशी आली.

"आई, मीठ बघा ना."

"अगं, इतकी वर्षं झाली लग्नाला! दिवसभर लोकांच्या शिरा बिनचूक शोधतेस आणि मीठ सापडत नाही तुला?"

"तुमच्यासारखं नाही जमत."

"कसं जमेल? लक्ष कुठे असतं? थोडं टाक अजून. थोडं म्हणाले. मूठभर नाही."

सून हसत आत गेली. आई लहानपणीच गेलेली, मामीच्या दारात वाढलेली पोर. तिथे काही विचारायची सोय नव्हती. या घरात आल्यापासून ती सगळंच विचारी.

सासूबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. खांदे उतरले होते. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. सकाळी डबा, दिवसभर सुया, संध्याकाळी सासू. मोकळं व्हावंसं कुठल्या सुनेला वाटत नाही? आणि आपण इथे पिवळी चोच उघडून पडलोय, या वयात. पुरे झालं, त्यांनी ठरवलं. आज सांगून टाकायचं आणि तिला जाऊ द्यायचं. पुढचं पुढे बघता येईल. आजवर देवाने कुणाला वाऱ्यावर सोडलंय?

त्या उठल्या. कशाचाही आधार न घेता चालत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सून फोनवर बोलत होती. पलीकडे मुलगा असावा. ती वळली. तिने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, मग पुन्हा तोंडाकडे.

"नाही रे," ती फोनमध्ये म्हणाली. "अजून कुठलं? पाऊलच टाकत नाहीत. घाई करून कसं चालेल?"

तिने फोन ठेवला आणि गॅस बारीक केला.

"अगं, मी उभी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"दिसतंय."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"कधीचंच. खांद्यावर हात टाकता, पण भार टाकायला विसरता."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. पकडलं गेल्यावर काय करायचं, हे त्यांना कधी शिकावं लागलं नव्हतं.

"मग त्याला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर जावं लागलं असतं मला."

"नवऱ्याकडेच ना?"

"तो आहे हो. पण तिकडे मला रागवायला कोण आहे?" सून कढईत बघत म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. भाजी तेवढी उगाच ढवळली.

सासूबाई आत येऊन ओट्याशी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. तेवढं उभं राहणं त्यांना आता सहज जमत होतं.

"तिकडचं घर कितव्या मजल्यावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या. आणि लिफ्ट नाही."

"लाव परत फोन त्याला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणावं, आई तीन जिने चढेल."