म्हस्कूच्या नावाचं गाठोडं

"बँकॉकला उतरलं की पहिलं काम काय, तर हॉटेलचं कार्ड खिशात टाकायचं," दिग्विजय माइकात सांगत होता. "वाट चुकलात, तर टॅक्सीवाल्याला कार्ड दाखवा. तोंड उघडायचं कामच न्हाय!"

हॉलमध्ये खसखस पिकली. दूध संस्थेचा हा तरणा चेअरमन बँकॉक आणि सिंगापूर बघून परवाच निरवांगीत परतला होता. दौरा म्हणे दुधाच्या अभ्यासाचा. पाऊण तास झाला, गाईचं नाव अजून निघालं नव्हतं. पुढच्या महिन्यात जाणारे चौघे पहिल्या रांगेत बसून विचारत होते, तिकडं थंडी असते का, आणि धोतर चालतं का.

बायकांच्या बाजूला कुशाबाई बसली होती. तिला कार्डाचं काही नव्हतं की टॅक्सीचं. तिचा म्हस्कू सिंगापुरात, जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डर होता. सात महिने झाले, त्याचं ना पत्र, ना फोन. ज्या एजंटानं त्याला नेलं, तो बारामतीतलं दुकान गुंडाळून पसार झाला होता. म्हणून दौऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं दिग्विजयच्या हाती दिलं आणि हात जोडले, "चेअरमन, तेवढं माझ्या पोराला डोळ्यांनी बघून या." तो म्हणाला, "मावशी, भेटलोच समजा." आल्यापासून ती दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. दोन्ही वेळा साहेब झोपलेले.

"आता सिंगापूर," दिग्विजय घोटभर पाणी पिऊन म्हणाला. "रस्त्यावर थुंकायचं न्हाय, दंड हाय. नळाचं पाणी बिनधास्त प्या. आन् महत्त्वाचं, घरचं खायला न्या! बँकॉकात किडं तळून विकत्यात, किडं! दुसऱ्याच दिवशी आमचा चिवडा संपला. मग काढलं आपल्या कुशामावशीचं लाडू. काय सांगू तुमाला! सिंगापूर येईस्तवर एक शिल्लक ठेवला न्हाय. हायत का मावशी? टाळ्या झाल्या पायजेत मावशीसाठी!"

टाळ्या झाल्या. शेजारच्या सिंधुबाईनं कौतुकानं तिच्या गुडघ्यावर चापट मारली. कुशाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

तिचा सासरा, नवरा, दीर, सगळ्यांची हयात मेंढरामागं गेली. तळ आज इथं, तर महिन्यानं घाट उतरून कोकणात. त्या वाटेनं जो कुणी निघेल, त्याच्या हाती भाकरीचं गाठोडं धाडायचं. कुणाचं ते कळावं म्हणून गाठीत खूण बांधायची. नेणारा दोन दिवस उपाशी चालेल, पण दुसऱ्याच्या नावाची गाठ सोडणार नाही. सोडली असती तर पुन्हा कुठल्या तळावर त्याला कुणी उभं केलं नसतं. आणि हा शिकलेला गडी विमानात बसून आयतं जेवतो, वर दुसऱ्याच्या पोराचं खातो, आणि माइकात सांगतो! मेल्याला लाज कशी वाटत नाही!

ती उभी राहिली. "म्हस्कू भेटला का?"

"मावशी, कार्यक्रम झाल्यावर बोलू."

"आत्ता सांगा. भेटला का?"

"अवो, सिंगापूर दोनच दिवस हुतं. एक दिवस तर खरेदीतच गेला. गाइडनं बसमधनं एक मैदान दाखवलं. रविवार हुता, आपल्याकडची कामगार पोरं बसलेली, हजारभर तरी असतील. फोटोबी काढलाय मी."

"खाली उतरलास का?"

चेअरमनला ती अरेतुरे करतेय हे हॉलभर सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"बस थांबत न्हाय तितं."

"मग माझं पाकीट दे."

"कसलं पाकीट?"

गेल्या गेल्या म्हस्कूचं एकच पत्र आलं होतं. पत्र घरी, देवाजवळ होतं. पण पत्ता फक्त पाकिटावर, इंग्रजीत. ते पाकीटच तिनं खूण म्हणून गाठीत बांधलं होतं. पत्र वाचून दाखवणारे शाळेतले मास्तर म्हणाले होते, थांबा कुशाबाई, नक्कल करून ठेवतो. ती म्हणाली, कशाला? गाठोडं पोचलं की म्हस्कूचाच कागद येईल. गाठोडं पोचणार नाही, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दिग्विजयनं मान खाजवली. "ते व्हय! फडकं पार तेलकट झालं हुतं. हॉटेलातच टाकलं, त्यातच गेलं असंल. पर मावशी, पाकीट रिकामंच हुतं की."

"रिकामं?"

कुशाबाईला रडू आलं नाही. नुसता संताप. समोर उभ्या दिग्विजयच्या दोन थोबाडीत द्याव्यात, असं तिला वाटलं.

पहिल्या रांगेतला सावळाराम मागं वळला. "बसा कुशाबाई. पुढच्या महिन्यात आमी चाललोय की, आमी बघतो. लाडू तेवढं जरा ज्यादा करा."

पुन्हा हशा पिकला.

कुशाबाई रांगेतनं बाहेर पडली. सिंधुबाईनं पदर ओढला, तो तिनं हिसडा मारून सोडवला. ती थेट टेबलापाशी गेली आणि दिग्विजयच्या हातातला माइक हिसकावून घेतला. माइकात बोलायची तिची ती पहिलीच वेळ. आवाज बाहेरच्या कर्ण्यातनं चावडीपर्यंत गेला.

"करते की लाडू. पोतंभर करते. पर आदुगर मला एक सांग. एवढी शहरं बघून आलास, समद्यांना शिकवाय लागलायस. सिंगापुरात उतरल्यावर माझा म्हस्कू कुणाच्या दारात इचारायचा?"

तिनं माइक त्याच्या तोंडापुढं धरला.