भरतीच्या आत

"मॅडम, छाती हितंच मोजणार का?"

पालीच्या शाळेसमोर दीपमाला मॅडमपुढं गावातली तरणी पोरं लाईन लावून उभी होती. पायात पळायचे बूट, हातात कागदपत्रांच्या फायली. एकानं तर शर्ट काढून श्वासही भरून घेतला होता. आता तो सोडावा का धरून ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मागं सहलीची बस उभी. आत सहावीच्या तीन पोरी. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलंच नाही. समुद्र माणूस ओढून नेतो म्हणे. आणि ड्रायव्हर सोमेश्वरचं एकच पालुपद: "गाडी भरली तर निघतो. न्हाईतर चाललो माघारी."

तारामासा, समुद्रफूल, शंखातला खेकडा, सगळं मॅडमनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवलं होतं. स्वतः पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बिंदुसरा धरण. उद्या सकाळी कोकणात मोठी ओहोटी होती. पाणी लांब मागं सरलं की खडकातले जीव उघडे पडतात. एकदा तरी ते हात लावून बघायचे होते. म्हणून तर काल त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपाई आश्रुबांना भोंग्यावरून पुकारायला सांगितलं, रिकाम्या जागांवर गावातलं कुणीही या.

"आश्रुबा, काय पुकारलंत तुम्ही?"

"तुमी सांगितलं तेच की. समुद्राची ओहोटी बघायची, भरतीच्या आत उरकायचं. पर ओहोटी म्हंजे काय, मलाच कळंना. मंग ती गाळली."

"आणि?"

"भरती ठेवली. ती सगळ्यायला कळती."

लाईनीत पहिला अभिमन्यू होता. दर भरतीत पळून आलेला, दरवेळी राहिलेला. यंदा त्याचं वय निघून चाललं होतं.

"मॅडम, नेव्हीची हाय का कोस्ट गार्डची?"

"अरे, पाण्याची आहे! समुद्राचं पाणी वर चढतं, त्याला भरती म्हणतात!"

"बरं. जागा किती?"

"जागा नाहीत रे बाबा!" मॅडम किंचाळल्या. "ती नुसती येते! दिवसातून दोनदा येते, बारा महिने येते! जा घरी सगळे!"

शर्ट काढलेल्यानं श्वास सोडला.

"दिवसातून दोनदा?" अभिमन्यूनं विचारलं.

"हो!"

"पेपर फुटत न्हाई?"

"कसला पेपर?"

"कोर्टाचा स्टे?"

"समुद्राला कोण देणार स्टे?"

अभिमन्यूनं फाईल काखेत मारली आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला.

"चढा बे सगळे. असली भरती एकदा डोळ्यानं तरी बघून येऊ."