'उतरा' म्हणायचं नाही

घोड्यावर बसूनच त्या माणसानं टोपी काढली. फेलिसियाना ओले हात पुसत दारातच उभी राहिली.

"नेमेसियो आहे का, बाई?"

"नाही. महिना झाला, इकडे फिरकला नाही."

धडधडीत खोटं. तिचा भाऊ नेमेसियो मागच्या खोलीत मेल्यासारखा झोपला होता. परवा घोड्यांच्या शर्यतीत भांडण झालं, त्यानं सुरा चालवला आणि ओल्मेदो घराण्यातला एक जण जागीच मेला. आत्ता दारात आला होता तो त्या मेलेल्याचा थोरला भाऊ. घोड्याच्या पुठ्ठ्यावर डागलेली ओल्मेदोंची खूण बघूनच तिनं ओळखलं.

पण अर्जेंटिनातल्या पंपासच्या त्या माळरानात घरातलं माणूस 'उतरा' म्हणेपर्यंत कुणी रिकिबीतून पाय काढत नाही. मित्र असो की वैरी. ओल्मेदो तर रिवाजाला जीवापलीकडे जपणारे. तेवढा एक शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, की भाऊ वाचला.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

"उन्हाळाच आहे."

"घोडा दमलाय."

"पुढे ओढा लागेल. पाणी बक्कळ आहे तिथं."

तो हसला. "या घरात 'उतरा' म्हणायची पद्धत मोडली वाटतं?"

"बाईमाणूस घरात एकटं असलं की मोडते."

"एकट्या? मग दोरीवरचा सदरा कुणाचा?"

सदरा नेमेसियोचा होता. रक्ताचा डाग तिनं सकाळीच घासून काढला होता.

"बापाचा. तो गेला, सदरा राहिला. गुरांमागं जाताना मीच घालते."

तो बराच वेळ सदऱ्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या वर धरला. खोगिरावर बसूनच तो प्यायला, "देव भलं करो" म्हणाला आणि त्यानं घोडा वळवला.

टापा लांब जाईपर्यंत ती हलली नाही. मग उंबऱ्यावरच मटकन बसली. वाचला गं बाई! तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात घरामागून, पार मागच्या खिडकीपाशी, वाटसरूनं घालावी तशी खणखणीत हाळी आली.

"आव्हे मारिया! आहे का कुणी घरात?"

आवाज तोच होता. ती धडपडत उठली. पण आतून झोपेनं जड झालेला, जन्मभराच्या सवयीचा आवाज तिच्याआधी पोचला.

"या, या पाहुणे! उतरा!"