यशूला ताप आला नाही

"ताई, काल सुईत नुसतं पाणी तर भरलं नव्हतं न्हवं?"

आखाडा बाळापूरच्या आशा कार्यकर्त्या ज्योतीताई अंगणात दात घासत होत्या. समोर प्रेमानंद उभा. खांद्यावर अडीच महिन्यांची यशू. पोरगी मजेत मूठ चोखत होती, आणि नेमकं तेच तिच्या बापाला खुपत होतं.

"ताप आला न्हाई तिला. रातभर कपाळाला हात लावून बसलो. जरासुदिक न्हाई."

पहिल्या डोसाच्या वेळी याच प्रेमानंदने घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारच्या लेकराला लसीनंतर ताप आला, म्हणून हा पोरीला टोचू देईना. तेव्हा ज्योतीताईंनी समजूत घातली होती की ताप आला म्हणजे लस लागली. पठ्ठ्याला ते एका झटक्यात पटलं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान. दुरुस्त केलेली मोटार पाणी फेकताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो गिऱ्हाइकाचा चहासुद्धा घेत नसे. मग यशू तापली, बायको सपना काळजीने अर्धी झाली, आणि हा गडी मात्र खुशीत! काम झालेलं दिसलं होतं ना.

या खेपेला काहीच दिसत नव्हतं. लस लागलीच नसेल, पोरगी तशीच उघड्यावर राहिली असेल, या विचाराने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"नर्सबाईकडून पुन्हा टोचवा तिला. न्हाईतर तिसरी सुई आमी घेत न्हाई."

ज्योतीताईंनी चूळ भरली. "ताप न्हाई आला तरी लस लागते, भाऊ. सगळ्याच लेकरांना येत न्हाई."

"मंग तवा तसं काहून सांगितलं?"

ताई ओशाळल्या. "तुमी राजी व्हावं म्हणून. अर्धंच सांगितलं."

"मंग आजचं तरी पुरं कशावरून?"



तेवढ्यात प्रेमानंदची आई पद्माबाई नातीचं टोपडं घेऊन धापा टाकत आली. सकाळच्या गारठ्यात पोर बोडक्या डोक्याने नेली म्हणून ती आधीच तडकलेली. टोपडं बांधता बांधता तिने दोघांचं ऐकून घेतलं.

"ही सुई ज्याच्यासाठी देतात, तो डांग्या खोकला पाहिलास का रे तू कधी?" तिने लेकाला विचारलं.

"न्हाई बा."

"म्या पाहिला. माह्या धाकट्या भावाला झालता. खोकता खोकता निळा पडायचा. त्यातच गेला."

प्रेमानंदला हा मामा ठाऊकच नव्हता. त्याने नकळत यशूला छातीशी धरलं.

"मंग मला काहून न्हाई झाला?"

"तुला टोचून घेतलं होतं की."

"तवा ताप लई चढला आसंल?"

पद्माबाई हसली.

"कशाचा ताप? रातभर तुला मांडीवर घेऊन वाट पाहिली. उजाडल्याबरोबर म्या बी नर्सबाईच्या दारात भांडायला गेले होते."