मेमरी खराब आहे

"ती मेमरीची चाचणी काढून टाका आणि तिथे कंपनीचं नाव झळकू द्या," मालक म्हणाले.

"नाही काढणार," ती म्हणाली.

संगणक चालू केला की सगळ्यांत आधी धावणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. त्याला जागा मिळायची अवघी पाचशे बारा बाइटांची. तेवढ्यात दाटीवाटी करून तिनं मेमरीची चाचणीही बसवली होती. मालकांनी स्वस्तातल्या चिप आणल्यापासून निम्मी मशीनं त्या चाचणीत अडकत होती. आणि ही मशीनं जायची होती रक्तपेढीत. तिथे मेमरीतला एखादा बिट जरी उलटला, तरी एकाचा रक्तगट बदलून भलताच व्हायचा.

"अडलंय माझं खेटर!" मालक उखडले. "तुमचे मिस्टर करतील."

शेजारच्या टेबलावरून तिचा नवरा म्हणाला, "होय, साहेब."

सगळं ऑफिस त्याला होयबा म्हणायचं. आज तिच्याही तळपायाची आग मस्तकात गेली. घरी तिनं अबोला धरला. त्यानं बोलायला तोंड उघडलं, की ती खोलीतून उठून जायची.

मालक आणि नवरा रक्तपेढीत मशीन पोचवायला निघाले, तेव्हा तीही हट्टानं सोबत गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकायचं, मग नोकरी गेली तरी बेहत्तर, असं तिनं ठरवलंच होतं.

मालकांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं नाव आलंच नाही. एकच ओळ उमटली: मेमरी खराब आहे, वापरू नका. मशीन तिथेच थांबलं.

"केलंत ना शेवटी स्वतःचंच खरं?" मालक तिच्यावर कडाडले. ती तर स्वतःच ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

"हिला काही बोलू नका," नवरा पुढे आला. "मी केलंय. नाव टाकलं नाही. इकडेतिकडे काटछाट करून जागा काढली आणि चाचणी आणखी कडक केली."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"नाही येणार."

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मीही नाही येणार. चाचणी मुळात माझी आहे," ती ताठ मानेनं म्हणाली.

तो तिच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या चाचणीत हे मशीन पास झालं होतं गं."